शंभर डॉलरची जीत

('फॅट सिटी' हा चित्रपट दाखविल्यानंतर अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

चित्रपट संपला तेव्हा क्षणभर कोणीच काही बोलले नाही, आणि मग मागच्या रांगेतून एका तरुण मित्राने विचारले, "संपला?" हा प्रश्न मला फार आवडला. खेळावरचा चित्रपट कसा संपतो हे आपल्याला पाठ झालेले आहे. अखेरची लढत, अखेरची फेरी, रक्ताने माखलेला नायक, गर्दीत कुठेतरी रडणारी आई किंवा प्रेयसी, आणि मग वाद्यांचा गजर. इथे दोन माणसे एका रात्रीच्या खाणावळीत कॉफीचे कप समोर ठेवून बसतात आणि पडदा काळा होतो. आपल्या मित्राला फसविल्यासारखे वाटले असेल, तर त्यात त्याची चूक नाही.

दुसरा प्रश्न मला आधीच, चित्रपटाची निवड झाली तेव्हा, विचारण्यात आला होता. आपल्यातल्याच एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले की, श्रमिकांच्या मुलांपुढे असा पराभवाचा चित्रपट कशासाठी दाखवायचा? ज्यात संघटना नाही, संघर्ष नाही, कोणी कोणाला हात देऊन उठवीत नाही, त्यातून ही मुले काय घेणार? आक्षेप गंभीर आहे आणि तो घेणाऱ्यांनी आयुष्य कामगारांत काढले आहे. म्हणून आज मी जे बोलणार आहे ते बव्हंशी त्यांना उद्देशून आहे, असे समजावे.

प्रथम थोडी माहिती. 'फॅट सिटी' 1972 सालचा, म्हणजे पन्नास वर्षांहून जुना. दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन. तरुणपणी कॅलिफोर्नियात त्याने स्वतः मुष्टियुद्ध केले होते, आणि हा चित्रपट केला तेव्हा तो पासष्टीला पोचला होता. कथा लिओनार्ड गार्डनर याच्या 1969 सालच्या कादंबरीची, पटकथाही त्याचीच. गार्डनर हा मूळचा स्टॉकटनचा, आणि त्याने आयुष्यात ही एकच कादंबरी प्रसिद्ध केली. 'फॅट सिटी' म्हणजे त्या बोलीत सुखाचा गाव, जिथे सगळे पोटभर मिळते ती जागा. चित्रपटात कोणीच तिथे पोचत नाही, हे आपण पाहिलेच.

स्टॉकटन हे कॅलिफोर्नियाच्या मध्यवर्ती खोऱ्यातले शहर. सभोवार टोमॅटो, कांदा, अक्रोड यांची अफाट शेती, आणि ती करण्यासाठी लागणारी माणसे शहरातल्या स्वस्त हॉटेलांतून, एकेका खोलीत राहणारी. इथे थोडे विषयांतर करतो, कारण हे नाव आपल्याला वाटते तेवढे परके नाही. 1912 साली याच स्टॉकटनमध्ये अमेरिकेतले पहिले गुरुद्वार उभे राहिले. भोवतालच्या शेतांत राबणाऱ्या पंजाबी मजुरांनी आणि शेतकऱ्यांनी ते उभारले, आणि गदर चळवळीला ज्यांनी माणसे व पैसा दिला त्यांत ही मंडळी होती. त्याच चळवळीत आपले पांडुरंग खानखोजे होते, आणि तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे होते, ज्यांना 16 नोव्हेंबर 1915 रोजी लाहोरला फाशी देण्यात आले. त्या खोऱ्यात मातीत हात घालणारा मजूर पिढीगणिक बदलत गेला. चिनी, जपानी, पंजाबी, फिलिपिनो, मेक्सिकन, काळे, आणि तळाला आलेले गोरेही. बदलला नाही तो मुकादम. पहाटे अंधारात चौकात बस लावून माणसे भरणारा मुकादम आपण आता पडद्यावर पाहिला. मुंबईच्या नाक्यावर उभे राहिलेल्यांना त्याची ओळख करून देण्याची गरज नाही.

आता बिली टली. त्याचे काम स्टेसी कीच या नटाने केले आहे. पहिल्या प्रसंगात तो खोलीत पडलेला आहे, तोंडात सिगारेट आहे, आणि ती पेटवायला काडी नाही. तो खिसे चाचपतो, टेबल शोधतो, कपडे चढवून खाली रस्त्यावर जातो. चित्रपटाची पहिली मिनिटे अशी एका काडीच्या शोधात जातात. या माणसाचे पूर्वीचे वैभव, त्याची बायको सोडून गेल्याचे दुःख, यांतले काहीही अजून सांगितलेले नाही. पण ज्या घरात काडीपेटी नाही त्या घरात दुसरे काय नसेल, हे आपल्याला कळून चुकते. तिशीच्या उंबरठ्यावरचा हा माणूस अधूनमधून व्यायामशाळेत जातो. तिथे त्याला एर्नी हा अठरा वर्षांचा पोरगा भेटतो. टली त्याच्याशी दोन हात करून पाहतो, लगेच त्याचा स्नायू लचकतो, आणि तरी तो मोठेपणाने सांगतो की तुझ्यात दम आहे, माझ्या जुन्या वस्तादाला, रुबेनला, जाऊन भेट.

नेहमीच्या चित्रपटात येथून गुरुशिष्यांची कथा सुरू झाली असती. ह्यूस्टन ते करीत नाही. हे दोघे पुढे फार थोड्या वेळा भेटतात. आयुष्यात माणसे अशीच भेटतात.

रुबेन या वस्तादाविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण चित्रपटातले सर्वांत गुंतागुंतीचे पात्र तेच आहे. तो दुष्ट नाही. पोरांची काळजी घेतो, त्यांना गाडीतून लढतीला नेतो, हरले की धीर देतो. परंतु याच रुबेनने एकेकाळी टलीला पनामात एकट्याला लढायला पाठविले होते, स्वतःचा प्रवासखर्च वाचावा म्हणून. तिथे टलीच्या भुवया फुटल्या, तो हरला, आणि तिथून त्याची उतरण सुरू झाली. निदान टलीचे म्हणणे तसे आहे. आणि रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या रुबेन बायकोला एर्नीबद्दल सांगतो तेव्हा त्याचा उत्साह कशाचा असतो? पोरगा गोरा आहे, देखणा आहे, गोरा प्रेक्षक तिकीट काढील, याचा. बायको केव्हाच झोपलेली असते. पुढे एर्नीच्या नावाला 'आयरिश' असे बिरुद जोडले जाते. पोरगा म्हणतो, मी आयरिश नाही. त्याला काय, लोकांना कळले पाहिजे की तू गोरा आहेस. वर्णद्वेषावर या चित्रपटात एकही भाषण नाही, परंतु मालाच्या वेष्टनावर वर्ण कसा छापला जातो, हे दोन वाक्यांत दाखवून दिलेले आहे.

त्याच रुबेनच्या पोरांचा तो लढतीपूर्वीचा प्रसंग आपण आठवावा. एक काळा पोरगा एर्नीला उपदेश करतो की जिंकण्याची इच्छा असली पाहिजे, स्वतःवर विश्वास असला पाहिजे, मनापासून हवे असले की मिळतेच. बोलतो किती उत्साहाने! पुढच्याच क्षणी तो मार खाऊन परत आलेला दिसतो. एर्नीचे नाकही पहिल्याच लढतीत फुटते. सभागृहात या ठिकाणी काही जण हसले. मीही पहिल्यांदा हसलो होतो. मित्रहो, या एका सांध्यात क्रीडाचित्रपटांचे सारे तत्त्वज्ञान ह्यूस्टनने मोडीत काढले आहे. इच्छाशक्ती असली की माणूस वर येतो, याचा उघड अर्थ असा की जो वर आला नाही त्याची इच्छाशक्ती कमी पडली. म्हणजे दोष त्याचा. इतरांनी आपली झोप मोडू नये यासाठी याहून सोयीचा विचार दुसरा नाही.

चार वर्षांनी, 1976 साली, 'रॉकी' आला. फिलाडेल्फियातला एक गरीब मुष्टियोद्धा, जगज्जेत्याशी लढण्याची अकल्पित संधी, पहाटेच्या थंडीतले धावणे, त्याच्यामागे वाजणारे कर्णे. त्याला त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले आणि पुढे त्याचे भागावर भाग निघत राहिले. त्या चित्रपटाला मी तुच्छ लेखत नाही. अखेरीस रॉकी गुणांवर हरतोच, आणि गरिबाने पंधरा फेऱ्या उभे राहणे यातही काही आहे. परंतु तो पाहून बाहेर पडणारा प्रत्येक तरुण मनात म्हणतो, मीही. 'फॅट सिटी' पाहून बाहेर पडणारा म्हणतो, हे कुठे तरी पाहिले आहे. मला दुसरी प्रतिक्रिया अधिक मोलाची वाटते.

आणि हे केवळ बाजारू चित्रपटांविषयी नाही. आपल्या बाजूच्या माणसांनी काढलेल्या चित्रपटांतही ही खोड आहे. 1947 सालचा 'बॉडी अँड सोल' घ्या. लेखक अब्राहम पोलॉन्स्की, नट जॉन गारफील्ड; दोघांनाही पुढे डाव्या विचारांच्या संशयावरून चित्रसृष्टीत काम मिळेनासे झाले. पैसा मुष्टियोद्ध्याला कसा विकत घेतो, हे त्या चित्रपटाने धैर्याने सांगितले. तरीसुद्धा अखेरीला नायक विकली गेलेली लढत जिंकतो आणि स्वतःचा आत्मा सोडवून घेतो. म्हणजे व्यवस्थेचे उत्तर रिंगणात, एका माणसाच्या दोन मुठींत! पोलॉन्स्कीविषयी मला नितांत आदर आहे, पण हे उत्तर त्याला स्वतःला तरी पटले असेल काय, याची मला शंका आहे.

आता ती मोठी लढत. टली अक्रोडाच्या बागेत एर्नीबरोबर मजुरी करताना ठरवितो की पुन्हा रिंगणात उतरायचे. त्याच्यासमोर येणारा लुसेरो हा मेक्सिकन मुष्टियोद्धा बसने एकटाच येतो. त्याला संवाद जवळजवळ नाहीतच. लघवीत रक्त जाते आहे, हे त्याला आणि आपल्याला ठाऊक आहे, टलीला नाही. म्हणजे एका आजारी माणसाने एका खचलेल्या माणसाशी लढायचे आहे, आणि दोघांनाही पैशाची गरज सारखीच आहे. येथे आपण टाळ्या कोणासाठी वाजवणार? लढत होते, टली एकदा खाली पडतो, मग लुसेरोच्या पोटावर बसलेल्या ठोशांनी लढत थांबते. टली इतका भ्रमलेला असतो की आपण हरलो असेच त्याला वाटते. जिंकलास, असे त्याला सांगावे लागते.

आणि मग हिशेब. घेतलेली उचल वळती करून त्याच्या हातात पडतात शंभर डॉलर. उसाच्या फडातून घरी परतणाऱ्या आपल्या तोडणी कामगाराला हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही. हंगामभर राबल्यावर मुकादम वही उघडतो आणि उचल, व्याज, आजारपणाचे खाडे सांगतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे उमटते तेच टलीच्या सुजलेल्या चेहऱ्यावर आहे. तो रुबेनवर भडकतो, निघून जातो आणि पुन्हा दारूला लागतो. रुबेननेही काही खिशात घातलेले नाही, हे ध्यानात घ्यावे. त्याचा हिशेब बरोबर आहे. हिशेब बरोबर असूनही माणूस नागवला जातो, ही गोष्ट किती थोड्या चित्रपटांना दाखविता आली आहे!

मला मात्र त्या लढतीत सर्वांत अधिक लुसेरोच आठवतो. सारे संपल्यावर तो अंगात नीट कोट घालून, हातात पिशवी घेऊन लांबलचक ओसाड मार्गिकेतून एकटा चालत जातो, आणि त्याच्या मागे एकेक दिवा मालवत जातो. संगीत नाही. त्याच्या वाट्याला किती आले, हे कोणी सांगत नाही. सिक्स्टो रॉड्रिग्ज हा खराखुरा मुष्टियोद्धा त्या भूमिकेत आहे, म्हणून त्याच्या चालीत नाटकीपणाचा लवलेश नाही. ह्यूस्टनने असे अनेक खरे मुष्टियोद्धे घेतले. त्यांतली एक निवड मला विलक्षण वाटते. ओमा या दारुड्या स्त्रीचा काळा सोबती अर्ल याचे काम कर्टिस कोक्सने केले आहे. हा कोक्स 1966 ते 1969 या काळात वेल्टरवेट गटाचा जगज्जेता होता. चित्रपटातला एकमेव खरा जगज्जेता, आणि तो कोणावर हात उगारत नाही. तुरुंगातून सुटून तो ओमाकडे परततो. टली दारात येतो तेव्हा आपण मारामारीची वाट पाहत असतो. अर्ल शांतपणे टलीचे कपडे भरलेले खोके त्याच्या हाती देतो. घराचे पैसे मी भरतो, एवढे सांगतो. दोघांच्याही स्वरात वैर नाही, थोडी अवघडलेली सभ्यता आहे. गरिबांच्या भांडणात रक्तच वाहिले पाहिजे, ही आपल्या कथालेखकांची समजूत या प्रसंगापुढे किती उथळ वाटते.

ओमाच्या भूमिकेतील सुझन टिरेल हिला ऑस्करचे नामांकन मिळाले होते. त्या स्वयंपाकाच्या प्रसंगासाठी मिळाले असेल तर ते योग्यच म्हणावे. टली मांस भाजतो, डब्यातले वाटाणे गरम करतो, आणि ती जेवत नाही. एवढेच. परंतु एकाने प्रेमाने केलेले जेवण दुसऱ्याच्या घशाखाली उतरत नाही, यात त्या संसाराचा शेवट आहे. येथे माझी एक तक्रारही नोंदवतो. ओमा आणि एर्नीची तरुण बायको फे, या दोघी चित्रपटात पुरुषांच्या वाटेवरच्या थांब्यांसारख्या येतात. फे गरोदर राहते, लग्न होते, आणि मग ती जणू पडद्यामागे जाते. तिचा दिवस कसा जातो, पैसे कसे पुरतात, हे ह्यूस्टनला विचारावेसे वाटले नाही. पुरुषांच्या एकाकीपणावर इतकी करुणा असलेल्या दिग्दर्शकाची ही मर्यादा आहे, आणि ती मान्य केली पाहिजे.

आता आक्षेपाकडे येतो. संघटना कुठे आहे? हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारला आहे, कारण इतिहास माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या बाजूचा आहे. स्टॉकटन ज्या खोऱ्यात आहे, त्याच खोऱ्याच्या दक्षिण टोकाला डेलानो आहे. तिथे सप्टेंबर 1965 मध्ये द्राक्षमळ्यांतल्या फिलिपिनो मजुरांनी, लॅरी इटलियाँगच्या नेतृत्वाखाली, संप पुकारला. आठवड्याभरात सीझर चावेझच्या संघटनेतले मेक्सिकन मजूर त्यांना येऊन मिळाले. पाच वर्षे संप आणि बहिष्कार चालला, आणि 1970 च्या जुलैत मळेवाल्यांनी करार केले. चित्रपटाचे चित्रण झाले ते त्यानंतर. शेतमजुरांचे कंबरडे मोडणाऱ्या आखूड दांड्याच्या कुदळीवर कॅलिफोर्नियात 1975 साली बंदी आली, तीही मजुरांच्या वतीने चाललेल्या न्यायालयीन लढ्यामुळे. हीच कुदळ घेऊन गार्डनरच्या कादंबरीतला टली टोमॅटोच्या ओळींतून वाकून चालतो. म्हणजे लढा शेजारी चालू होता, आणि टलीच्या जगात त्याचा आवाजदेखील पोचत नाही.

हे चित्रपटाचे वैगुण्य आहे काय? एका अर्थी आहे. पण मी उलट विचारतो: आपल्या नाक्यावर उभ्या असलेल्या किती माणसांपर्यंत आपला आवाज पोचला आहे? टली एका दिवसासाठी एका मुकादमाकडे जातो, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याकडे. त्याच्या बसमध्ये रोज वेगळी माणसे असतात. शेतात तण काढताना माणसे आपापल्या मोडलेल्या संसारांच्या कथा एकमेकांना सांगतात. तेवढाच त्यांचा एकोपा, आणि ओळ संपली की तोही संपतो. ज्याला ठरलेला कारखाना नाही, ठरलेली वस्ती नाही, त्याची संघटना कशी बांधायची, हा प्रश्न आपल्या चळवळीलाही सुटलेला नाही. चित्रपटाच्या आरंभी जी अर्धवट पाडलेली घरे आणि मोकळ्या जागा दिसतात, त्या स्टॉकटनच्या जुन्या मजूरवस्तीच्या आहेत. शहरसुधारणेच्या नावाखाली ती त्या सुमारास पाडली जात होती. राहण्याची जागाच उठवली की भेटण्याची जागाही उठते. ह्यूस्टनने त्यावर भाष्य केले नाही, कॅमेरा फिरविला. कॉनरॅड हॉल या छायालेखकाने बाहेरचे ऊन असे टिपले आहे की डोळे दुखावेत, आणि गुत्त्यांच्या आतला काळोख असा की माणसे चाचपडत शोधावी लागावीत. त्या उन्हातून या काळोखात माणूस का शिरतो, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

आज इथे बसलेल्या मुलांपैकी काही जण पहाटे उठून मैदानावर धावतात. कोणाला पोलीस भरतीत उतरायचे आहे, कोणाला खेळाच्या कोट्यातून नोकरी मिळेल अशी आशा आहे, कोणी मुष्टियुद्धाचा सरावही करतो. त्यांनी धावू नये असे मी म्हणत नाही, अवश्य धावावे. परंतु त्यांच्यापैकी जो निवडला जाणार नाही, त्याला आपल्या अंगी काही कमी होते असे वाटता कामा नये, आणि जो निवडला जाईल त्याने उरलेल्यांकडे तसे पाहता कामा नये. आपल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना मी एवढेच सांगेन की, कर्ण्यांच्या गजरात संपणारे चित्रपट या मुलांना रोज दिसतात. हा एक वेगळा पाहिला, त्याने त्यांचे नुकसान होणार नाही.

आता त्या शेवटाबद्दल, ज्याविषयी आपल्या तरुण मित्राने विचारले. एर्नी एका लढतीवरून परतत असतो. रस्त्यात त्याला टली भेटतो, दारू प्यालेला. एर्नीला खरे तर टाळायचे असते, पण दोघे कॉफीला बसतात. कॉफी आणून देणारा एक अतिवृद्ध चिनी माणूस आहे, पाठीत वाकलेला. टली त्याच्याकडे पाहून म्हणतो की, हा कधी तरुण असेल काय? मग तो मागे वळून पत्ते खेळणाऱ्या माणसांकडे पाहतो, आणि एकाएकी सगळा आवाज थांबतो, माणसे जागच्या जागी थिजतात. किती वेळ, कोण जाणे. मग आवाज परत येतो. एर्नी उठायला लागतो. टली म्हणतो, थांब जरा, बोलत बसू. एर्नी थांबतो. बोलायला दोघांकडेही काही नसते, तरी तो थांबतो.